आग्नेस टीचरांचं घंगाळ

"भाऊ, घंगाळ तुमच्याकडंच आहे ना?" सकाळी आमच्या चर्चमधल्या सेल्वीचा फोन आला तेव्हा मी कंपनीचा डबा पिशवीत ठेवत होतो. पवित्र गुरुवारला अजून कितीतरी महिने होते आणि त्या दिवसाखेरीज ते घंगाळ कुणी मागत नाही. मी म्हटलं, "आहे की. पण आत्ता कशाला?" पलीकडून ती म्हणाली, "टीचर को नहलाना है, भाऊ." आग्नेस टीचर गेल्याचं मला असं कळलं. मी स्टुलावर चढून माळ्यावरचं घंगाळ खाली काढलं. शैलानं, माझ्या बायकोनं, पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि आम्ही दोघं स्कूटरवरून निघालो. ती मागं बसली होती, घंगाळ मांडीवर धरून. सिडकोपासून छावणीतल्या चर्चच्या गल्लीपर्यंत तिनं ते तसंच धरून ठेवलं.

घंगाळ पितळेचं आहे, दोन कड्यांचं, एका अंगाला पोचा आलेलं. टीचरांचं माहेर गंगापूरकडचं. त्यांच्या आईनं सगळ्या लेकरांना त्यात आंघोळी घातल्या आणि शेवटी ते टीचरांच्या वाट्याला आलं. टीचरांनी लग्न केलं नाही. शाळेत त्या मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर चर्चच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहिल्या आणि रविवारच्या शिकवणीत पोरांना प्रार्थना शिकवत राहिल्या. माझ्या दोन्ही मुलींना त्यांनीच शिकवलं. बोलायला तिखट होत्या. कुणी मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, उशिरा आलं, तर दारातच म्हणायच्या, "या, या. देव थांबलाय तुमच्यासाठी."

मी या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या पॅरिशमध्ये आलो तेव्हा बहुतेक कुटुंबं मराठी होती. गंगापूर, वैजापूर, पैठणकडून शहरात आलेली. थोडी छावणीतली जुनी माणसं होती, एवढंच. पुढं वाळूजला, चितेगावला, शेंद्र्याला कारखाने वाढत गेले, तशी चर्चची बाकं भरत गेली. तमिळ आले, मल्याळी आले, गोव्या-मंगळूरकडचे आले आणि मग झारखंडची आदिवासी कुटुंबं आली, ठेकेदाराच्या खोल्यांत राहणारी. दर रविवारी चर्चच्या पायरीपाशी एक गंमत दिसायची. आम्ही मराठी आणि तमिळ माणसं चपला बाहेर काढून आत जाणार आणि मल्याळी, गोवेकर बुटांसकट. झारखंडची माणसं चपला काढायची, पण आत न येता दाराशीच उभी राहायची. टीचर मिस्सा संपायच्या आधी बाहेर येऊन त्या चपलांकडं बघत उभ्या राहायच्या. "सेल्वीची आई आज नाय आली," म्हणायच्या. आणि ते खरं असायचं.

आता पायधुणीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ईस्टरच्या आधीचा गुरुवार आम्ही पवित्र गुरुवार म्हणून पाळतो. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी फादर बारा माणसांपुढं गुडघे टेकतात आणि त्यांचे पाय धुतात. त्या बारा खुर्च्यांपैकी एक मिळणं हा आमच्याकडं मोठा मान. आणि या मानाला एक रीत चिकटली होती, ती कुणी घालून दिली देव जाणे. ज्याचे पाय धुवायचे, तो घरून पाय धुऊन येणार. धुऊन म्हणजे दगडानं टाचा घासून, साबण लावून, नखं काढून. मल्याळी मंडळींतले थॉमस सर तर पावडर लावून पांढरे मोजे घालून यायचे. फादरांच्या हाताला मळ लागू नये, असा सगळ्यांचा विचार. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण फादर वर्षानुवर्षं धुतलेलेच पाय धूत होते.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. लागोपाठ पाऊस कमी. शेवटच्या वर्षी जायकवाडीत पाणी उरलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. आमच्या भागात नळ कधी येईल याचा नेम नव्हता आणि कडेच्या वस्त्यांवर तर फक्त टँकर. टँकर दिसला की बायका-माणसं घागरी, डबे, रंगाच्या बादल्या घेऊन धावायची, कधी हातघाईवर यायची. मी कंपनीत स्टोअर्सला आहे, मोजण्याची सवय जात नाही. घरी कोण किती पाणी वापरतं, यावर माझं लक्ष असायचं आणि त्यावरून शैलाची बोलणीही खायचो.

त्याच वर्षी रोमहून परवानगी आली की पायधुणीला बायकांनाही बसवता येईल. झालं... बारा खुर्च्यांसाठी आधीच ओढाताण होती, ती दुप्पट झाली. पॅरिश कौन्सिलची बैठक बसली. मी कुटुंबांच्या संख्येवरून वाटणी काढून नेली होती. मराठीला इतक्या, तमिळला इतक्या, याप्रमाणे. थॉमस सर म्हणाले, "गेल्या वर्षी आमचे तीन होते, या वर्षी दोन? हे प्रपोर्शन चालणार नाही." सेल्वीचा नवरा उठला, "आमच्या तमिळ मिस्साला कधी पंखे पण चालू करत नाही, आता खुर्ची पण नाही?" कुणी म्हणालं, मिस्सा वेगळी आहेच, मग आपलं सगळंच वेगळं करून टाका. कुणी झारखंडवाल्यांचं नाव काढलं, तर उत्तर आलं, "त्यांना कुठं कळतंय?" फादर तरुण होते. त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "नियमानं पायधुणी केलीच पाहिजे असं नाही. पाणी नाही, हे कारण पुरेसं आहे. यंदा नको."

सगळे थोडे सुटल्यासारखे झाले. टीचर मागच्या खुर्चीवर होत्या. त्या बसल्या जागेवरूनच बोलल्या. "फादर, यंदा सोडली तर पुढच्या साली कोण कुणाचे पाय धुणार? ही माणसं एकमेकांच्या अंगणातबी जायची नाहीत."

"पण पाणी, टीचर?"

"पाणी मागू की. घरटी एक तांब्या. ज्याला जमंल त्यानं. माझं घंगाळ देते मी."

"आणि बाराजण?" मी विचारलं.

"तुझा कागद खिशात ठेव, बाबा. मी दारात उभी राहते. ज्याचे पाय लई मळलेले, तो बसंल. बाई असो, बुवा असो. आणि पाय धुऊन यायचं नाय. मळलेले आणा. धुतलेल्याला काय धुवायचंय?"

कुणी हसलं, कुणी नाराजीनं मान हलवली. फादर मात्र म्हणाले, "ठीक आहे." मी मनातल्या मनात हिशेब केला. घरटी तांब्या म्हटलं तरी निम्मी घरं आणणार नाहीत. टँकरच्या पाण्यातून कोण काढून देणार? घंगाळ अर्धं भरलं तरी बाराजणांचं भागेल. अर्धं भरेल, असा माझा अंदाज होता.

त्या गुरुवारी ऊन उतरायच्या आतच टीचर दारात उभ्या होत्या, काठी टेकवून. शेजारी चौरंगावर घंगाळ. माणसं येत गेली, तांब्या रिकामा करत गेली. स्टीलचे तांबे, प्लॅस्टिकच्या बाटल्या, एका म्हातारीनं तर दुधाच्या किटलीतून आणलं होतं. कुणाचं पाणी नितळ, कुणाचं टँकरचं गढूळ. घंगाळ भरलं. मग कुणीतरी चर्चमधलं पिंप आणून ठेवलं, तेही भरत आलं. ज्या गल्लीत सकाळी टँकरवरून भांडण झाल्याचं मला ठाऊक होतं, त्या गल्लीतल्या दोघी एकामागोमाग आल्या आणि दोघींनी भरलेली कळशी ओतली. मी पिंपाशेजारी उभा होतो. माझा अंदाज कुठल्या कुठं राहिला होता. दुष्काळात माणसं पाणी लपवतात हे मी पाहिलेलं होतं. ही तीच माणसं होती.

थॉमस सर आले ते पांढरे मोजे घालून. टीचरांनी काठीनं मोजे दाखवले. "हे काय, सर? धुऊन आलात व्हय?"

"टीचर, सवय..."

"गेटापर्यंत अनवाणी जाऊन या मग."

लोक हसायला लागले. पण सरांनी खरंच बूट-मोजे काढले, तापलेल्या फरशीवरून गेटापर्यंत गेले, मातीतून परत आले आणि म्हणाले, "आता?" टीचर म्हणाल्या, "आता शिष्य दिसता. बसा." सर बसले.

बारावी खुर्ची मात्र फादरांनी स्वतः राखून ठेवली होती. मिस्सा सुरू होण्याआधी ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "टीचर, ती तुमची. इथं पहिल्यांदा बाईचे पाय धुतले जाणार, तर ते तुमचे असावेत." आम्हा सगळ्यांना ते पटलं. टीचरही क्षणभर हलल्या. मी जवळ होतो. त्यांनी खुर्चीकडं पाहिलं ते मी पाहिलंय. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं आयुष्यभर पुरुषांचे पाय धुतले जाताना बघितले होते. त्यांना बसायचं होतं. त्यांनी काठी भिंतीला टेकवलीसुद्धा...

तेवढ्यात झारखंडची फुलमनी आली. चितेगावच्या एका कारखान्याच्या बांधकामावर ती काम करायची. सुट्टी मिळाली नव्हती, काम संपवून तशीच आली होती, कडेवर लेकरू. पायांवर पोटरीपर्यंत सिमेंटची भुकटी, टाचांना भेगा, भेगांत सिमेंट. नेहमीसारखी चप्पल काढून ती दाराबाहेर उभी राहिली. टीचरांनी तिच्या पायांकडं पाहिलं, मग फादरांकडं. "माझं पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या आणि फुलमनीचा हात धरला.

ती मागं सरली. "नहीं टीचर, हमारा पाँव बहुत गंदा है."

"म्हणून तर," टीचर म्हणाल्या. तिला मराठी कळत नव्हतं, पण ते कळलं. लेकरू टीचरांनी आपल्याकडं घेतलं.

फादर एकेकापुढं गुडघे टेकत बाराव्या खुर्चीपाशी आले. तोवर सगळं रीतसर चाललं होतं. फुलमनीचा पाय त्यांनी घंगाळात धरला आणि पाणी राखाडी झालं. एकदा धुऊन निघेना. त्यांनी पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा चोळलं. गायनमंडळ गाता गाता थांबलं. त्या भरलेल्या चर्चमध्ये फक्त पाण्याचा आवाज येत होता. मला पायधुणीचा अर्थ लहानपणापासून तोंडपाठ होता, रविवारच्या शिकवणीतल्या प्रश्नोत्तरांत मला त्याचे पूर्ण गुण मिळायचे. त्या संध्याकाळी तो माझ्या डोळ्यांपुढं घडत होता आणि मला मान वर करून बघवत नव्हतं. फुलमनी रडत होती. शेजारच्या खुर्चीवर थॉमस सर रडत होते. मग मागून कुणीतरी तमिळमध्ये गाणं उचललं, चाल ओळखीची होती, आणि ज्याला ज्या भाषेत येत होतं, त्या भाषेत त्यानं म्हटलं.

पाय धुतलेलं पाणी टीचरांनी आवारातल्या बदामाच्या झाडाला घातलं. पिंपातलं चांगलं पाणी ज्यांच्याकडं टँकर पोचला नव्हता, त्यांच्या घरी गेलं. वेगळं व्हायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. भांडणं झाली, अजूनही होतात, पंख्यांवरून तर हमखास. पण झारखंडची माणसं त्यानंतर आत बसायला लागली. घंगाळ टीचरांनी परत घरी नेलं नाही. एका वर्षी एका घरी राहायचं, मग दुसऱ्या भाषेच्या घरी, असं त्यांनी ठरवून टाकलं. यंदा ते आमच्याकडं होतं. फादर बदलले, नवे आले. दर वर्षी त्यांना कुणीतरी सांगायचं की बारावी खुर्ची टीचरांची आहे. दर वर्षी टीचर दारात उभ्या राहून आणखी मळलेले पाय शोधायच्या आणि म्हणायच्या, "माझं पुढच्या वर्षी बघू." गेल्या वर्षी त्यांना उभं राहवत नव्हतं, खुर्ची घेऊन दारात बसल्या, तरी उत्तर तेच.

त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. शैला घंगाळ घेऊन आत गेली. आंघोळ बायकांनी घालायची, म्हणून आम्ही पुरुष बाहेर थांबलो. त्या दिवशी नळाला पाणी आलेलं होतं, आवारात टाकी भरून वाहत होती, मी स्वतः कॉक बंद केला. तरी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात भरलेला तांब्या होता. कुणी सांगितलं नव्हतं. सेल्वी आली, थॉमस सरांची बायको आली, गोव्याच्या दोघी बहिणी आल्या, चितेगावहून रिक्षा करून फुलमनी आली, एका हातात तांब्या आणि वरून दुसऱ्या हाताचा तळवा झाकण म्हणून धरलेला. इतक्या लांबून. तिच्या ओढणीचा काठ भिजला होता... थॉमस सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी पायातले बूट काढून बाजूला ठेवले.

आतलं मला शैलानं नंतर सांगितलं. सुरुवात कुठून करायची, हे कुणालाच सुचत नव्हतं. तेव्हा फुलमनी टीचरांच्या पायांशी बसली, त्यांचा पाय उचलून घंगाळात धरला आणि म्हणाली, "अब आपका बारी, टीचर." शैला म्हणते, त्यानंतर कितीतरी वेळ कुणी पायांच्या वर गेलंच नाही. जिला जी प्रार्थना येत होती, ती तिनं आपल्या भाषेत म्हटली आणि एकेकीनं आपापला तांब्या टीचरांच्या पायांवर ओतला.

ते पाणी आम्ही बदामाला घातलं. झाड आता चर्चच्या कौलांच्या वर गेलंय.

घंगाळ परत आमच्या माळ्यावर आहे. शैला परवा ते चिंचेनं घासायला घेणार होती. आतल्या बाजूनं, पाणी जिथवर चढलं होतं तिथं, एक फिकट रेघ उमटली आहे. मी टेप काढून आणला. व्यास आणि रेघेची उंची घेतली की पाणी किती होतं ते निघतं, दोन मिनिटांचं काम. शैला माझ्याकडं बघत राहिली. मी टेप खिशात ठेवला आणि म्हटलं, "राहू दे, घासू नकोस." तिनं घंगाळ उचलून माझ्या हातात दिलं. स्टुलावर चढताना पायाकडं लक्ष गेलं. कंपनीतून येऊन मी अजून पाय धुतले नव्हते.