ससा, डुक्कर की बाळंतपण? रत्नागिरीतली दिवेखरेदी

रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत वळलं की माझ्या मावशीची वाडी. वाडीत चारचाकी एकच, शेजारच्या इस्माईलभाईंची जुनी व्हॅन. मावसबहीण स्वातीला नववा महिना लागला, नवरा मुंबईत, आणि मावशीचा फोन आला, "अगो, साकवाचे कठडे ओढ्यातनं वाहून गेले. इस्माईलभाई म्हणतात, दिवसा कधीही हाक मारा, पण काळोखात त्यावरून पोटुशी बाई न्यायची माझी हिंमत नाही." साकव म्हणजे वाडीच्या वाटेवरचा ओढ्यावरचा छोटा पूल, व्हॅन जेमतेम जाईल एवढाच रुंद, आणि व्हॅनचे हेडलाइट म्हणजे नुसते काजवे. मी उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, "दिवा मी आणते!" गाडीतल्या लायटरच्या सॉकेटात पिन खुपसायची आणि हातात धरायचा, तसला स्पॉटलाइट. हजारभर रुपयांत काम होईल, त्यात काय एवढं!

शनिवारी सकाळी सहाला एकटीच कोल्हापूरहून निघाले. आंबा घाटात धुकं, साखरप्याला मिसळ (कोल्हापूरकरांनी फार अपेक्षा ठेवू नये), पालीच्या पुढे रस्त्याच्या कामाची खोदाखोदी. चार तास धरून चाला.

रत्नागिरीत गाडीच्या सामानाच्या पहिल्याच दुकानात शिरले. स्पॉटलाइट म्हटल्यावर मालकानं मला नीट न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "ससा की डुक्कर?"

"बाळंतपण," मी म्हणाले.

मग कळलं, असा दिवा मागणारं गिऱ्हाईक शिकारीला निघालंय, असंच तो धरून चालतो.

पुढची तीन दुकानं फिरले आणि होतं तेवढं डोकंही फिरलं. एक म्हणे पांढरा घ्या, दुसरा म्हणे धुक्यात पांढरा मारलात तर समोर भिंतच उभी राहील, पिवळा घ्या. बारा व्होल्ट, चोवीस व्होल्ट, ल्युमेन, वॅट. एका खोक्यावर पन्नास वॅट लिहिलेले, आतल्या दिव्याच्या पाठीवर पंधरा! किमती साडेतीनशेपासून अडीच हजारांपर्यंत, आणि रणरणत्या उन्हात लावून बघावेत तर सगळे सारखेच. तेवढ्यात एक वाजला आणि शटरं खाली आली, ती थेट चारपर्यंत. (जाणार असाल तर हे लक्षात ठेवा.)

मांडवीला समुद्रासमोर बसून भेळ खाल्ली. मोठ्या तोंडानं दिवा आणते म्हणाले खरी, पण चुकीचा घेतला आणि त्याच्या भरवशावर ते लोक स्वातीला घेऊन साकवावर चढले तर?

चारला पुन्हा पहिल्या दुकानात गेले. "ताई, उजेडात दिवा कसा कळणार?" मालक म्हणाला. दुकानामागे त्याची आंब्याच्या पेट्या ठेवायची शेड होती, हंगाम नसल्यानं रिकामी. माझी गाडी आत घेतली, दारावर गोणपाट सोडलं आणि एकेक दिवा माझ्याच सॉकेटात लावला. पहिल्यानं टोकाच्या भिंतीतला खिळासुद्धा दिसला. "डुकराचे डोळे असे चमकतात..." म्हणत मालकानं जीभ चावली. मीही हरखले. हाच घ्यायचा! तरी एकदा विचारावं म्हणून इस्माईलभाईंना फोन लावला.

"लांबचं बघून काय करू, बाय? मला माझं चाक दिसू दे. चाक आणि साकवाची कड."

मी तो दिवा चाकाकडे वळवला. ताटाएवढं झगझगीत वर्तुळ, बाकी मिट्ट काळोख. दुसऱ्याचंही तेच. तिसरा पिवळा, पसरट उजेडाचा, तिन्हींत सगळ्यात स्वस्त. त्यात चाक, पुढची जमीन, माझ्या चपला, सगळं दिसलं. साडेसहाशेला तो घेतला. वायर तीन मीटर आहे ना, तेही बघून घेतलं, नाहीतर डाव्या खिडकीपर्यंत पोचायचा नाही.

भाट्याचा पूल ओलांडून वाडीवर पोचले, तर व्हॅनचं सॉकेट खाऱ्या हवेनं गंजलेलं! इस्माईलभाईंनी ते पॉलिशपेपरनं अर्धा तास खरवडलं. मग तिन्हीसांजेला रंगीत तालीम. मी डाव्या खिडकीतून वाकून दिवा धरलेला, ते स्टिअरिंगवर, मावशी पलीकडे हात जोडून उभी. चाक कडेपासून चांगलं वीतभर आत राहिलं. आम्ही दोनदा गेलो, दोनदा आलो.

रविवारी कुळथाचं पिठलं-भात जेवून परत निघाले. नवव्या दिवशी फोन आला, स्वातीला मुलगी झाली. कळा सुरू झाल्या सकाळी अकराला, लख्ख उन्हात. बाराच्या आत रत्नागिरीतल्या दवाखान्यात. दिवा व्हॅनच्या डिकीत तसाच.

मी आनंदले, आणि खरं सांगते, थोडी हिरमुसलेही. "म्हणजे माझी सगळी यातायात फुकटच की गं!"

"फुकट कशी?" स्वाती म्हणाली. "तू दिवा देऊन गेलीस ना, त्या दिवसापासून मी रात्रीची झोपायला लागले. आधी काळोख पडला की भिंतीला टेकून उजाडायची वाट बघत बसायचे. आईला नाही सांगितलं कधी."