दुधिवरे खिंडीत काटा लाल

पवना धरणाचं काम चालू होतं त्या वर्षांत आमची फौजी तुकडी पवनानगरच्या बाजूला सुरुंगाच्या सरावाला होती. मी नायक, व्हेइकल मेकॅनिक. सकाळी गाड्यांची तपासणी, दुपारी ग्रीसिंग, संध्याकाळी रोलकॉल. कंपनीचा एक हुकूम सगळ्यांच्या अंगात भिनलेला होता: काटा लाल पे, गाडी बंद. म्हणजे इंजिन तापल्याचं दाखवणारा काटा लाल पट्टीत गेला की गाडी जागीच बंद करायची. आदल्या वर्षी एकानं तो मोडला. चढावर इंजिन जाम झालं आणि ट्रक मागं घसरून दरीत गेला. तेव्हापासून तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

त्या दुपारी सुरुंगाच्या दगडाची कपची शिपाई बबन शेलारच्या मांडीत घुसली. बबन आंबीचा, मावळातलाच पोरगा. पट्टी आवळली तरी रक्त थांबेना. ॲम्ब्युलन्समध्ये मी दोन्ही हातांनी जखम दाबून बसलो. लान्स नायक जगताप गाडी हाकत होता. लोणावळ्याचं इस्पितळ गाठायचं होतं.

दुधिवरे खिंडीच्या चढावर गाडी थांबली. इंजिनही बंद.

"काय झालं रे?"

"काटा लाल झाला, उस्ताद."

मी जखम आणखी जोरात दाबली.

"हाक तशीच!"

"आन् इंजिन जाम झालं तर? समदेच दरीत जाऊ."

त्याचंही खरं होतं. बबननं डोळे उघडले. "उस्ताद, गाडी का थांबली? मला लय भ्या वाटतंय."

"पाणी घालायला थांबलोय. गप पडून राहा."

भीती मलाही वाटत होती. हात काढला तर रक्त जाणार, आणि नाही काढला तर इंजिन कोण बघणार? जगतापला मागं बोलावलं.

"इथं दाब. काही झालं तरी सोडू नकोस."

बॉनेट उघडलं. रेडिएटरचा पाइप गरम होता, पण हातात धरवत होता. मग मनात आलं, पाणीच संपलं असेल तर? तरीही पाइप असाच लागेल. ओलं फडकं टाकून झाकण हळूहळू फिरवलं. वाफ तोंडावर येणार म्हणून डोळे मिटून घेतले. काहीच आलं नाही. आत पाणी काठोकाठ होतं.

पाणी किती तापलंय ते काट्याला कळवणारा पितळी सेन्सर इंजिनात बसवलेला असतो. त्याची वायर उपटली आणि स्विच लावून पाहिला. काटा झपकन खाली आला. म्हणजे वायर चांगली, सेन्सर आतून शॉर्ट. इंजिनाला काही धाड भरली नव्हती.

"जगताप, चल! सेन्सर गेलाय, इंजिन नाही!"

जखमेवर परत मी हात दाबले आणि वायर तशीच लोंबकळत ठेवून निघालो. आता काटा मेलेला. इंजिनाचा आवाज जरा बदलला की माझा जीव टांगणीला लागायचा. बबन बोलायचा थांबला होता, पण इस्पितळात उतरवला तेव्हा श्वास चालू होता. संध्याकाळी तो गेला. "रक्त फार गेलं होतं," एवढंच डॉक्टरसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "वाटंत कुटं थांबला न्हवता ना, बाबा?"

जगताप शेजारीच उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"नाही मावशी. थेट आणला."

"मग तुमी तरी काय करनार," असं म्हणून तिनं आधी माझ्या आणि मग जगतापच्या पाठीवरून हात फिरवला.