कुलूपताईंचा नियम

सकाळचे नऊ पस्तीस. कार्यालयात कुलूपताई आजचा तिसरा फोन अडवत होत्या. "थांबा. यंत्र कसं चालतं ते मला सांगू नका. आधी अर्ज दाखल करा, मग बोला."

संशोधकांचे शोध परवान्याने कारखान्यांना मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांची ही संघटना. अर्जाआधी शोधाचा बोभाटा झाला, की तो नवा धरत नाहीत आणि पेटंट हातचं जातं. म्हणून उत्साहाने सांगत सुटलेल्या माणसाला मध्येच तोडायचं, हे ताईंचं वीस वर्षांचं काम. नाव सभासदांनी पाडलेलं. ताईंची जन्मतारीख विचारायची तरी आधी गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते, असं अध्यक्ष दर वार्षिक सभेत म्हणतात आणि सभा दर वर्षी हसते.

घरी त्या आणि भाची, दोघीच. भाची शिकायला म्हणून आली, इथल्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि आत्याकडेच राहिली. पाणी गाळायच्या पडद्यावर तिचं काम चाले. गेल्या महिन्यात जेवताना ती म्हणाली, "आत्या, एक सांगायचंय. अजून कुणाकडेच बोलले नाहीये."

"मग माझ्याकडेही नको," ताई म्हणाल्या. पडद्याचं जमलं असणार, असं त्यांनी धरलं. मनातून त्या खूश होत्या. अर्ज कधी होतोय याची वाट बघत राहिल्या. भाची जराशी हसली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

काल संध्याकाळी माळ्यावरची मोठी बॅग खाली उतरली. भाचीला परगावच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, कायमची. गाडी परवा सकाळी दहाची, म्हणजे आता उद्या.

"सगळं ठरवून झालं आणि मला आत्ता कळतंय?"

"त्या दिवशी जेवताना ठरलं नव्हतं गं. तुलाच विचारणार होते, जाऊ का म्हणून."

 स्टेशनवर येशील का, असं भाचीने विचारलं, तेव्हा ताईंचं उत्तर तयारच होतं: कार्यालय कोण उघडणार? किल्ली त्यांच्या एकटीकडेच असते. भाचीने आग्रह केला नाही, कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

आज दिवसभर फोन आले तसे ताईंनी अडवले. दोन फोनांच्या मधल्या वेळात त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तिने विचारलं असतं, तर आपण जाऊ नकोस म्हणालो असतो, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. ती थांबली असती का, हे मात्र आता कळायला मार्ग नव्हता.

संध्याकाळी निघताना त्यांनी दारावर एक कागद चिकटवला. कारण लिहिलं नाही. उद्या कार्यालय साडेनऊऐवजी साडेअकराला उघडेल.