पिकला का?

शिरूरच्या आमच्या गल्लीत गुलशन वीस वर्षं बांगड्या भरते आहे. हात नुसता दाबून ती माप ओळखते. माझ्या सुनेच्या हाताला तिच्याकडून एकदाही काच लागली नाही.

माझ्या रोजनिशीत १२ मार्च २०१७ च्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'गुलशन तिच्या सनाला घेऊन आली. पाच महिन्यांची. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या पांढुरक्या.'

"बाई, दिव्याकडं बघतच न्हाई वो पोरगी. सासू म्हणती, दुधाचा थेंब उडालाय."

"मोतीबिंदू दिसतो," मी म्हणाले. "आमच्या ह्यांना झाला तेव्हा डॉक्टरांनी दोन वर्षं थांबवलं होतं. पिकल्याशिवाय काढत नाहीत. पिकू दे."

"कैरीवानी?" ती हसली. मीही हसले. खाली नोंद आहे: 'समजावले. निश्चिंत होऊन गेली.'

शाळेत मुलांना शिकवलेली बाई मी. माझा शब्द तिनं डॉक्टरचा मानला. पुढं येईल तेव्हा ती सनाचा चेहरा उजेडात धरायची. "बघा बरं बाई, पिकला का?" मी चष्मा लावून बघायचे आणि म्हणायचे, "अजून थोडा." असं चार वर्षं.

मग दौंडला, तिच्या माहेरी, डोळ्यांचं शिबिर भरलं. सोबत मीही गेले. सनाला तपासून डॉक्टरांनी विचारलं, "इतकी वर्षं कशाची वाट बघत होता? पिकायची? म्हाताऱ्याचे डोळे आयुष्यभर बघून झालेले असतात. बाळाचे पहिल्या काही महिन्यांतच बघायला शिकतात. मोतीबिंदू काढू, पण गेलेलं शिकणं सगळं परत येणार नाही."

गुलशननं सनाला कडेवर घेतलं. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

पुण्यात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सनाला आता दार दिसतं, आईची ओढणी दिसते, हिरव्या आणि लाल बांगड्या वेगळ्या करता येतात. फळ्यावरचं अक्षर दिसत नाही.

मागच्या महिन्यात माझी भाची मर्सी बाळाला घेऊन आमच्याकडे आली होती. तिला बांगड्या भरून झाल्यावर गुलशननं बाळ उचललं, खिडकीपाशी नेलं आणि दोन्ही डोळे निरखले. आता ती प्रत्येक बाळंतिणीच्या घरी हे करते.

"साफ हायेत. पण कवाबी पांढरं दिसलं तर त्याच दिवशी डाक्टर गाठायचा. मला कुणीतरी म्हणालं व्हतं, पिकू दे."

"कोण गं असं म्हणालं?" मर्सीनं विचारलं.

गुलशननं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"व्हतं कुणीतरी. बाई, च्या टाकताय ना?"

मी उठून आत गेले.