गाड्या सोडणारा मामा

माझ्या मामाला निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने मला येऊन सांगावं. जेवायलाही तो एक पाय मुडपून आणि दुसरा उठायच्या तयारीत ठेवून बसायचा. घास तोंडात असतानाच मान दाराकडे वळायची. लांबून शिटी ऐकू आली की हात तसाच खरकटा, चपलाही उलट्यासुलट्या, आणि मामा रस्त्यावर. मामी म्हणायची, "यांच्या बुडाला देवाने चाकं लावलीत. पण ती फलाटाबाहेर काही जात नाहीत."

मामी बोलायची ते खरंच होतं. मामा स्टेशनात सांधेवाला म्हणून लागला आणि तिथेच निवृत्त झाला. रूळ बदलण्याचं काम तर होतंच, पण त्याचा जीव अडकला होता दुसऱ्याच कामात. थांबलेली असो वा न थांबता जाणारी, गाडी निघाली की फलाटाच्या टोकाशी उभं राहायचं, एकेका डब्याची चाकं बघायची. कुठे धूर येत नाही ना, काही लोंबत नाही ना, दार उघडं नाही ना. सगळं ठीक असेल तर हिरवा झेंडा दाखवायचा. शेवटच्या डब्यातून गार्ड आपला झेंडा दाखवून उत्तर द्यायचा, आणि मामा स्वतःशीच म्हणायचा, "ऑलराइट." गावाने त्याचं नावच ऑलराइट ठेवलं. पत्ता विचारताना ऑलराइटचं घर म्हटलं की शेंबडं पोरही आणून सोडायचं.

ते स्टेशन काही माणसांसाठी झालं नव्हतं. वाफेच्या इंजिनांना वाटेत तहान लागायची आणि नदी तिथून जवळ होती, म्हणून तिथे एक पाण्याची टाकी उभी राहिली. टाकीला पंपवाला लागला, पंपवाल्याला चहा लागला. चहाच्या टपरीमागून लाकडाची वखार आली, वखारीमागून शाळा, आणि सगळ्यात शेवटी गाव. मग डिझेलची इंजिनं आली. डिझेलला कसली तहान? मोठ्या गाड्या थांबेनाशा झाल्या. मालधक्क्याला कुलूप लागलं, दुसरा रूळ उचलून नेला, स्टेशनमास्तरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. तिकिटं चहावाला देऊ लागला. उरल्या दुपारची एक पॅसेंजर, संध्याकाळची एक पॅसेंजर, आणि मामा.

निवृत्तीच्या दिवशी त्याने सरकारी झेंडे जमा केले आणि घरी येऊन येरझाऱ्या घालायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली तेव्हा हा फलाटावर हजर, पण रिकाम्या हाताने. गाडी गेल्यावर चेहरा असा पडला की मामीला बघवेना. तिने खिडकीचा जुना हिरवा पडदा फाडला, त्याचा झेंडा शिवला, काठीला लावून दिला. "घरात पडदा नसला तरी चालेल," ती मला म्हणाली, "पण हा माणूस दिवसभर घरात फिरला, तर माझं डोकं फिरेल." तेव्हापासून कुणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता, हक्क तर नव्हताच, तरी मामा रोज दोन गाड्या सोडायचा. गार्डही सवयीचे झाले होते. शिटी फुंकण्याआधी ते मामाकडे एकदा बघून घ्यायचे.

आता मामीचं सांगते. मामी आयुष्यभर गाडीत एकटी बसली. बाळंतपणाला माहेरी गेली ती एकटी. तिची आई गेल्याची बातमी आली तेव्हा मामाने तिला डब्यात बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली, आणि पळत जाऊन झेंडा धरून उभा राहिला. बदली माणूस मिळत नाही, हे कारण ठरलेलं. मुलाच्या लग्नाला आला तोही अक्षरशः हजेरी लावून परतला. मामी तक्रार करत नसे. टोमणे मारायची, पण ते तिचं रोजचंच होतं.

मागच्या वर्षी फलाटावर एक पाटी लागली. पुढच्या महिन्यापासून इथे कुठलीच गाडी थांबणार नाही. मामाने ती वाचली आणि घरी येऊन उभ्यानेच चहा प्यायला. मामेभाऊ शहरातून कधीचा बोलवत होता, तळमजल्यावरची खोलीही त्याने रिकामी ठेवली होती. मामी म्हणाली, "आता तुमच्या गाड्याच थांबायच्या नाहीत. निघू या." आणि मामा चक्क हो म्हणाला.

आवराआवरीला मी गेले होते. ट्रंक बांधता बांधता मामी एकदम थांबली. "तुला हसू येईल," ती म्हणाली. "पण मला त्या खोलीचं काही नाही. खिडकीत मी, शेजारी हे. एकदा एवढं झालं की मग खोली कशी का असेना." मला हसू नाही आलं. मला मामाचा राग आला, आणि तो तसा मला लहानपणापासून अधूनमधून येतच असतो.

निघायच्या दिवशी मामाने घर डोक्यावर घेतलं. कुलूप दोनदा लावलं, तीनदा ओढून पाहिलं. मग झेंडा कुठे गेला म्हणून कुलूप पुन्हा उघडलं. मी सांगितलं, "मामा, तुझ्या काखेत आहे." काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

दुपारची गाडी आली. ती थांबते जेमतेम. ट्रंक, गाद्यांची वळकटी, भांड्यांचं पोतं, सगळं मामाने खालून लोटलं, मी वरून ओढलं. मग त्याने मामीला हात देऊन चढवलं. मामीने खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली.

"मामा, चढ आता," मी दारातून म्हटलं.

"चाक जरा गरम वाटतंय. एक नजर टाकून येतो."

"अरे, तू निवृत्त झालास."

"चाक झालंय का?" असं म्हणून तो इंजिनाच्या दिशेने पळालासुद्धा.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून शपथेवर सांगते की त्याने मुद्दाम केलं नाही. तो फलाटाच्या टोकाला, त्याच्या नेहमीच्या जागी पोचला. वळला. शेवटच्या डब्यातून गार्ड त्याच्याकडे बघत होता. मामाने शर्टाची कॉलर सारखी केली, गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली आणि झेंडा वर केला. गार्डने शिटी फुंकली. गाडी सुटली.

मी ओरडत होते. आमची खिडकी त्याच्या समोरून गेली, पण त्याने वर पाहिलंच नाही. तो आमच्या डब्याची चाकं बघत होता. त्याचे ओठ हललेले मला स्पष्ट दिसले. ऑलराइट.

मग त्याचा हात खाली आला.

मी साखळीकडे धावले. मामीने माझा दंड धरला. "नको ओढूस. साखळी ओढणाऱ्याला तुझे मामा चोर समजतात." ती बाहेर बघत होती. शेजारची पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली आणि रडू लागली. डब्यातली माणसं बघत होती, तिला त्याची पर्वा नव्हती. "मला वाटलं होतं, आज तरी," ती म्हणाली.

डोळे पुसून झाल्यावर तिने जाहीर केलं, "पुढच्या स्टेशनला उतरायचं."

"अगं, एवढं सामान घेऊन? तो येईल ना संध्याकाळच्या गाडीने."

"येईल? ते तीही गाडी सोडून देतील."

पुढचं स्टेशन आलं. लोकांनी मदत केली, सामान खाली आलं. ते स्टेशन आमच्या स्टेशनाच्याही आधी मेलं होतं. तिकिटाची खिडकी विटांनी बुजवलेली, खांबावरचा दिवा गायब, एक सिमेंटचं बाक तेवढं शाबूत. मामी त्या बाकावर बसली. मी मामाला फोन लावला, तर तो मामीच्या पिशवीत वाजला. मग चहावाल्याला लावला आणि आम्ही कुठे उतरलोय ते सांगितलं.

ऊन उतरता उतरता चहावाल्याच्या स्कूटरवरून मामा आला. केस पिंजारलेले, झेंडा काखेत. तो आमच्यापासून चार हात लांब उभा राहिला. चहावाला स्कूटर वळवून निघून गेला.

"गार्डने बघितलं माझ्याकडे," मामा म्हणाला. "हात आपोआप वर गेला."

"मी पण बघत होते," मामी म्हणाली.

मामा एक पाऊल पुढे आला.

"मी प्रत्येक वेळी बघायची. अख्खा संसार मी खिडकीतून तुम्हाला लहान लहान होताना बघितलंय. आई गेली तेव्हासुद्धा."

मामाने झेंडा या काखेतून त्या काखेत घेतला. "मला वाटायचं, तू पुढे बघत असशील," तो म्हणाला.

संध्याकाळची गाडी आली. या वेळी मामीने मामाला आधी चढवलं, अगदी पाठीत हात देऊन. सामान आत आलं, आम्ही आत आलो. मामा मात्र दारातच घुटमळत होता. कधी इंजिनाकडे मान, कधी गार्डाकडे, पुन्हा फलाटाकडे.

"अगं, इथे कुणीच नाही," तो म्हणाला. "झेंडा कोण दाखवणार?"

कुणीच दाखवला नाही. शिटी झाली आणि गाडी निघाली. बुजवलेली खिडकी मागे गेली, बिनदिव्याचा खांब मागे गेला. मामा दाराची दांडी धरून उभा होता.

"सुटली," तो म्हणाला. जरा वेळाने पुन्हा म्हणाला, "कुणी काही दाखवलं नाही, तरी सुटली."

मामी उठली. तिने त्याच्या काखेतला झेंडा काढून घेतला, त्याच झेंड्याने खिडकीच्या जागेवरची धूळ झटकली आणि म्हणाली, "बसा."

"खिडकी तुला हवी होती ना?"

"आज तुम्ही बसा."

मामा बसला. दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसला. मामी त्याच्या शेजारी बसली. तो गजाला गाल लावून मागे बघत होता. ते रिकामं बाक पाटाएवढं झालं, मग काडेपेटीएवढं. रूळ वळला आणि बाक दिसेनासं झालं, तेव्हा त्याने मान वळवली.

"तू कुठपर्यंत बघायचीस?" त्याने विचारलं.

"वळणापर्यंत," मामी म्हणाली.