मामांचा बिनमाशांचा फिशटँक

शेवाळाबद्दल जगात दोनच मतं आहेत. एक आमच्या मामेसासऱ्यांचं आणि दुसरं उरलेल्या सगळ्या माणसांचं. उरलेली माणसं शेवाळावरून घसरतात, त्याला शिव्या देतात आणि ब्लीचिंग पावडर टाकून ते घासून काढतात. मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे मामा, ते पाळतात. निर्मळ गावातल्या त्यांच्या घरात, लोक जिथे टीव्ही ठेवतात तिथे, एक भला मोठा फिशटँक आहे आणि त्यात एकही मासा नाही. नवा पाहुणा काचेला नाक लावून मासा शोधत बसतो. मामा त्याला शोधू देतात आणि तो थकला की शांतपणे सांगतात, "मासा नाय. मासा घान करतो." याच गृहस्थांनी नोकरीची सगळी वर्षं पाणीखात्यात काढली आणि तिथे त्यांचं मुख्य काम होतं टाक्यांमधलं शेवाळ घासून घेणं. म्हातारपणी माणूस प्रायश्चित्त घेतो, ते असं, असं मामींचं म्हणणं.

आता शेवाळ म्हणजे सरसकट शेवाळ नव्हे. काचेवर बुळबुळीत थर धरतो तो मामांच्या लेखी उपटसुंभ. मामा पाळतात ते मॉस, बारीक पानांचं, दगडाला दोऱ्याने बांधून वाढवायचं. त्यात जावा, ख्रिसमस, वीपिंग अशा जाती. मला त्या सगळ्या कोथिंबिरीची जुडी पाण्यात पडल्यासारख्या दिसतात. मामा भिंग लावून सांगतात: फांद्या वाटेल तशा सुटल्या तर जावा, पायऱ्यापायऱ्यांनी उतरल्या तर ख्रिसमस, मान टाकून लोंबल्या तर वीपिंग. दुकानदाराने पिशवीवर लिहिलेलं नाव ते वाचतसुद्धा नाहीत. दुकानातल्या पाण्यात सगळी सारखीच दिसतात, आपल्या पाण्यात चार महिने वाढल्यावर खरं रूप कळतं, तोवर नाव घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. अडचण एवढीच, की हा नियम ते माणसांनाही लावतात. आमच्या लग्नाच्या बैठकीत सगळ्यांनी मुलगा पसंत असल्याचं सांगितलं आणि शेवटी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "अजून दुकानाच्या पान्यात हाय. आपल्या पान्यात येऊ दे, मग बोलू." आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली. ते अजून बोललेले नाहीत.

मे महिन्यात या घरी जाऊ नये. मॉसला उष्मा सोसत नाही, पाणी तापलं की ते तपकिरी पडतं, म्हणून फ्रीजमधला सगळा बर्फ बाटल्यांमधून टाकीत तरंगत असतो आणि माणसांना कोमट सरबत मिळतं. पंख्याचं तोंडही टाकीकडेच. एकदा माझे वडील कऱ्हाडहून आले होते, ते घामाने निथळत होते. मामा त्यांना म्हणाले, "तुमी उठून बाहेर जाऊ शकता. त्याला पाय नायत." वडील खरंच उठून बाहेर केळीच्या सावलीत जाऊन बसले.

अशा माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन मामा टाळत राहिले. उन्हाळ्यात मॉसला सोडून जाता येत नाही म्हणून आणि पावसाळ्यात वीज जाऊन टाकीचा दिवा विझतो म्हणून. एके दिवशी त्यांनी मला तातडीने बोलावून घेतलं. टाकीच्या कोपऱ्यात एका दगडाला गर्द हिरवं, दाट, कुरळं काहीतरी चिकटलं होतं. "नवीन हाय," मामा कुजबुजले. "मी आनलेला नाय. आपोआप आला. वाढ मंद हाय, पन रंग बघा, एवढ्या उन्हाळ्यात उतरला नाय." मी वाकून पाहिलं. ती भांडी घासायच्या हिरव्या घासणीची फाटलेली कड होती. मी मामींकडे पाहिलं. मामी छताकडे पाहत होत्या. रंग टिकाऊ आहे, एवढं मी प्रामाणिकपणे म्हणालो.

मग मामांनी ते देवळाच्या कट्ट्यावर सांगितलं, भुईगावच्या व्याह्यांना सांगितलं, आणि आजवर टाळलेल्या ऑपरेशनला एका पायावर तयार झाले. का, तर नव्या डोळ्यांनी त्याची पानं नीट बघायची आणि त्याला नाव द्यायचं. मामींची झोप उडाली. "पट्टी काढल्यावर पहिला तेच बघनार," त्या मला म्हणाल्या. "आयुष्यात एक गोष्ट स्वताची सापडली यांना. आनि ती माझी घासनी."

मामा रक्त तपासायला गेले होते त्या दुपारी मामींनी पदर खोचला. शेवाळाला ब्रशशिवाय कधी न शिवलेल्या या बाईने टाकीत हात घातला, दुसऱ्या दगडावरच्या मॉसची चार पाती खुडली आणि पांढऱ्या दोऱ्याने ती घासणीवर बांधून टाकली. माहेरी त्या लहानपणापासून मोगऱ्याच्या वेण्या बांधत आल्या. दोरा बोटांवरून असा पळत होता की मी नुसता बघत राहिलो. काही आठवड्यांत घासणी हिरवीगार झाकून गेली. मामांनी धूसर डोळ्यांनी ते पाहिलं आणि मला भर ऑफिसात फोन केला, "वाढ धरली!"

ऑपरेशन झालं, काळा चष्मा उतरला आणि मामा भिंग घेऊन टाकीसमोर बसले. मी मागे उभा होतो. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज येत नव्हता. मामांनी बराच वेळ पाहिलं. मॉसच्या खालून घासणीची सरळ कापलेली कड दिसत होती आणि तिच्यावरचा दोराही. मामा दगडाला दोरा गुंडाळून एक निरगाठ मारतात. हा दोरा वेणीतल्या फुलांना अडकवतात तसा पात्यापात्याला अडकवत नेलेला होता. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "जावा," ते मला हळूच म्हणाले. "साधा जावा." आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "ऐकलंस का? नवीनच निघाला गो!"

आत लगेच भांडी वाजायला लागली. मी उगाच त्यांचा चष्मा पुसत बसलो.

पाण्यात दोरा कुजतो आणि पाती सुटायला लागतात. बाकीच्या दगडांवर मामा त्याच दिवशी नवा दोरा बांधतात. त्या एका तुकड्याला ते हात लावत नाहीत. पाती सुटलेली दिसली की डोळ्यात औषध घालून घेतात, पायात चपला अडकवतात, भाजी आणायची आहे असं मामींना सांगतात आणि चांगला तासभर बाहेर राहतात. ते परततात तोवर त्या तुकड्यावरचा दोरा नवा झालेला असतो. त्यांच्या घरामागच्या वाडीत भाजी भरपूर आहे.