ठेका नसलेलं गाणं

जिच्या गाण्यांवर आम्ही बहिणी घरातल्या प्रत्येक हळदीत नाचलो, त्या गायिकेचं नवं गाणं आलं आणि त्यात ढोल नव्हता, ठेका नव्हता, धृपदसुद्धा नव्हतं. वेणी घालताना एखादी बाई स्वतःशीच गुणगुणते, तशी ती हळू आवाजात गात राहते. मध्येच थांबते, श्वास घेते, आणि तो श्वासही तिने गाण्यात राहू दिलाय.

दुपारी माझी धाकटी बहीण मधुरा आली होती. घरात सगळ्यांना हसवणारी हीच. ठरलेलं लग्न मोडल्यापासून तर ती जास्तच विनोद करायची. मी तिला गाणं लावून दिलं.

"अगं ताई, हिला झालंय तरी काय? यावर नाचायचं कसं?"

"नाचू नकोस. नुसतं ऐक."

खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता, पुन्हा सैल पडत होता. गाणंही तसंच चाललं होतं, कुठे पोचायची घाई नसल्यासारखं. मला वाटलं, इतकी वर्षं लोकांना नाचवणारी ही बाई आज पहिल्यांदाच जरा खाली बसलीय. लोक नावं ठेवणार हे ठाऊक असताना असं बसायला किती धीर लागला असेल!

गाणं संपलं. मधुराच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"परत लाव ना," ती म्हणाली. "आज मला कुणाला हसवायचं नाहीये."

मी गाणं पुन्हा लावलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. ते संपेपर्यंत ती झोपून गेली होती.